उतरण्याच्या टप्प्यात विमानाचे नियंत्रण बिघडले तर वैमानिक नेमके काय करतात?

पारसिकपायथा (कोपरखैरणे)

मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून येणारी विमाने आमच्या कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यावरून जातात. धावपट्टी तेथून साधारण बारा किलोमीटरवर आहे आणि तीन अंशांच्या नेहमीच्या उताराने येणारे विमान त्या जागी जवळजवळ दोन हजार फुटांवर असते. चाके बाहेर काढण्याची आणि पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप शेवटच्या टप्प्यापर्यंत उतरवण्याची हीच वेळ असल्यामुळे गच्चीवरून पाहणाऱ्याला विमानाचा आकार बदलताना दिसतो. अशा वेळी एखादे विमान न उतरता पुन्हा वर गेल्याचे कळले, की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘थोडक्यात वाचले’ आणि ‘पायलट गोंधळला’ असे संदेश येऊ लागतात. विमान पुन्हा वर जाणे हे बहुतेक वेळा संकटावरचा पहिला उपाय असते, हे थोडे विस्ताराने सांगावे म्हणून हा धागा काढला आहे. मी वैमानिक नाही. वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरची देखभाल मी काही वर्षे केली, आणि त्या काळात प्रशिक्षक मुद्दाम घडवून आणत असलेले बिघाड मागच्या खुर्चीवर बसून पुष्कळ पाहिले.

सर्वांत साधा आणि तरीही बोधप्रद बिघाड म्हणजे फ्लॅप अडकणे. फ्लॅपमुळे पंखाची वक्रता आणि काही अंशी क्षेत्रफळ वाढते, त्यामुळे विमान कमी वेगातही हवेत तरून राहते. बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० यांसारखे विमान पूर्ण फ्लॅप उतरवून साधारण १४० नॉट, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने धावपट्टीवर येते. आता समजा, फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, फ्लॅपचा दांडा पुढच्या खाचेत टाकला आणि दर्शकाचा काटा मध्येच थांबला. या क्षणी विमान उडते आहे, दोन्ही इंजिने चालू आहेत आणि वैमानिकाचा हुकूम ते व्यवस्थित पाळते आहे. बिघडला आहे तो केवळ पुढचा बेत, कारण ठरवलेला वेग, ठरवलेले अंतर आणि कदाचित ठरवलेली धावपट्टी यांपैकी काहीही आता लागू राहिलेले नाही. हा बेत नव्याने करायला दहा-पंधरा मिनिटे हवीत आणि विमान धावपट्टीपासून तीन मिनिटांवर आहे. म्हणून वैमानिक उतरण्याचा प्रयत्न सोडतात, सुरक्षित उंचीवर जातात, कंट्रोलला कळवून एका ठरलेल्या जागी घिरट्या घालतात आणि मगच चेकलिस्ट उघडतात.

या क्रमात कामाची वाटणीही ठरलेली असते. एकजण फक्त विमान उडवतो आणि दुसरा चेकलिस्ट वाचतो. सिम्युलेटरमध्ये नवख्या जोड्यांच्या बाबतीत हमखास दिसणारी गोष्ट अशी, की दोघेही अडकलेल्या फ्लॅपच्या दर्शकाकडे पाहत राहतात आणि तेवढ्यात वेग पंधरा नॉटने खाली येतो. दुसरा मोह दांडा पुन्हा पुढे-मागे करून पाहण्याचा. काही विमानांत आणि काही बिघाडांत चेकलिस्टच तसे करायला सांगते. मात्र तिने सांगितलेले नसताना तो दांडा हलवू नये, कारण अडकण्यामागचे कारण वैमानिकाला कॉकपिटमधून दिसत नसते.

यानंतर हिशेब येतो. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कडांचे फ्लॅप मुळीच उतरले नाहीत, तर ७३७ सारख्या विमानाला नेहमीच्या वेगात सुमारे ५५ नॉटची भर घालून उतरावे लागते. १४० ऐवजी १९५ नॉट हा फरक ऐकताना चाळीस टक्क्यांचा वाटतो, पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती जवळजवळ दुप्पट होते. त्यात या आकाराच्या अनेक विमानांच्या टायरची वेगमर्यादाही १९५ नॉटच असते, आणि ती मोजायची जमिनीच्या सापेक्ष. कॉकपिटमधल्या काट्यावर १९५ दिसत असताना पस्तीस अंशांच्या उन्हात प्रत्यक्ष वेग दोनशेच्या वर गेलेला असतो, कारण गरम हवा विरळ असते. अशा वेळी समोरून वाहणारा वारा टायर वाचवतो, आणि घिरट्या घालताना जळणारे इंधन विमान हलके करून वेगाची गरजच खाली आणते. खालून पाहणाऱ्याला ‘विमान अर्धा तास भरकटत होते’ असे वाटते, त्या अर्ध्या तासात हे सारे चाललेले असते.

नेरूळचाआजोबा (नेरूळ)

विषय चांगला मांडला आहे. माझी नोकरी विमान देखभालीत गेली, त्यामुळे फ्लॅप मध्येच का थांबतात हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. अनेकदा फ्लॅप ‘अडकत’ नाहीत, तर यंत्रणा ते जाणूनबुजून थांबवते. दोन्ही पंखांचे फ्लॅप एकाच मोटर-संचावरून निघणाऱ्या लांब फिरत्या दांड्यांनी चालतात. त्यातला एखादा सांधा तुटला आणि उजवा फ्लॅप पुढे सरकत राहून डावा मागे राहिला, तर एका पंखाला अधिक उचल मिळते आणि विमान कुशीवर वळू लागते. म्हणून दोन्ही टोकांना बसवलेले संवेदक एकमेकांशी सतत ताडून पाहिले जातात आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की फ्लॅप आहे तेथेच थांबवला जातो. एअरबसमध्ये पंखाच्या टोकाजवळचे ब्रेक हे काम करतात आणि ते एकदा लागले की उड्डाणात सोडवता येत नाहीत. बोईंग ७३७ मध्ये फ्लॅपच्या मोटरचा हायड्रॉलिक (तेलाचा) दाब तोडला जातो. त्या विमानात फ्लॅप हलवण्यासाठी पर्यायी विजेची मोटर आहे खरी, परंतु तिच्यावर असमानतेचे हे संरक्षण नाही. म्हणून असमानतेमुळे फ्लॅप थांबले असतील तर ती वापरायची नसते. आपण दांड्याच्या मोहाविषयी लिहिले आहे, त्याचे कारण हे आहे.

असमानता किती घातक ठरू शकते, याचा दाखला उतरण्याचा नसून उड्डाणाचा आहे, पण तो येथे द्यायलाच हवा. २५ मे १९७९ रोजी शिकागोहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचे डावे इंजिन धावपट्टीवरून उचलताना निखळले आणि जाताना त्याने हायड्रॉलिक नळ्या तोडल्या. त्या पंखाच्या पुढच्या कडेचे बाहेरचे स्लॅट (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या सरकत्या पट्ट्या) दाब गेल्यामुळे हवेच्या रेट्याने आत गेले. वैमानिकांना हे कळण्याचा मार्गच नव्हता. त्यांनी एक इंजिन गेल्यावर पाळायचा वेग कार्यपद्धतीनुसार पाळला, आणि स्लॅट गमावलेल्या डाव्या पंखाला तो वेग अपुरा होता. जमिनीवरील दोघांसह २७३ माणसे गेली. कार्यपद्धती पाळूनही असे झाले, हे आम्हा देखभालवाल्यांना फार लागले होते, कारण इंजिन निखळण्याचे मूळ देखभालीच्या चुकीच्या पद्धतीत होते.

सानपाडाप्रवासी

धागाकर्ते आणि आजोबा, दोघांचे आभार. एक शंका आहे. घिरट्या घालण्यापेक्षा इंधन हवेत सोडून का देत नाहीत? आणि फ्लॅप अर्धवट बाहेर असताना हवे तितका वेळ फिरत राहता येते का?

पारसिकपायथा

७३७ आणि ए३२० या विमानांत इंधन सोडून देण्याची सोयच नसते. ती मोठ्या, लांब पल्ल्याच्या विमानांत असते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाकडे निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या ७३७ मध्ये उड्डाणानंतर लगेच हायड्रॉलिक बिघाड दिसला, तेव्हा ते विमान १४१ प्रवाशांसह सुमारे अडीच तास तेथेच फिरत राहिले आणि नंतर सुखरूप उतरले. वाहिन्यांवर तो अडीच तासांचा थरार म्हणून दाखवला गेला. वैमानिकांच्या दृष्टीने तो वजन कमी करण्याचा आणि सगळी तयारी पडताळून पाहण्याचा काळ होता.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे, आणि येथे माझ्याच मुद्द्याला मर्यादा पडते. फ्लॅप बाहेर अडकले असतील तर विमानाला उंच जाता येत नाही, वेग ठरावीक मर्यादेत ठेवावा लागतो आणि हवेचा अवरोध वाढल्यामुळे इंधन नेहमीपेक्षा कितीतरी भरभर जळते. मुंबईत उतरता आले नाही तर अहमदाबादला जाऊ, असा कागदावर केलेला हिशेब अशा विमानाला लागू होत नाही. म्हणून वर गेल्यावर पाहायची पहिली गोष्ट म्हणजे हातात खरोखर किती मिनिटे आहेत. ती संख्या ठरवूनच चेकलिस्टला हात घालायचा असतो.

येऊरचावारा (ठाणे पश्चिम)

फ्लॅपचा बिघाड त्या मानाने सभ्य म्हणायला हवा, कारण तो आपण होऊन समोर येतो आणि वेळ देतो. रडरचा, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या, शेपटीवरच्या उभ्या हलत्या भागाचा बिघाड तसा नसतो. या विषयावर बोलताना बोईंग ७३७ च्या रडरची हकीकत वगळता येणार नाही.

३ मार्च १९९१ रोजी युनायटेडचे ७३७ कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उतरण्याच्या बेतात असताना उजवीकडे कलंडून कोसळले आणि त्यातील २५ जण गेले. कारण सापडले नाही. ८ सप्टेंबर १९९४ रोजी यूएसएअरचे ७३७ पिट्सबर्गकडे येत होते, उंची सहा हजार फूट आणि वेग १९० नॉट होता. पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यात ते थोडे हेलकावले आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात जमिनीवर आदळले. १३२ जणांपैकी कोणीही वाचले नाही. तपास चार वर्षांहून अधिक काळ चालला. मध्यंतरी, ९ जून १९९६ रोजी, ईस्टविंड कंपनीचे ७३७ रिचमंडकडे येताना अशाच प्रकारे एका बाजूला ओढले गेले. पण ते सावरले, उतरले, आणि तपासणाऱ्यांच्या हाती प्रथमच एक अखंड विमान व बोलू शकणारे वैमानिक आले. अखेरीस दोष रडर हलवणाऱ्या यंत्रातील एका झडपेत निघाला. ती अडकली तर रडर टोकापर्यंत जाऊन बसत असे, आणि विशिष्ट स्थितीत वैमानिकाने पायाने मागितलेल्या दिशेच्या उलट वळत असे.

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग वेगाचा आहे. रडर टोकाला गेले तर विमान कुशीवर होते, आणि त्याला पंखांवरच्या एलेरॉन व स्पॉयलरनी (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्यांनी) सरळ करावे लागते. वेग जास्त असेल तर एलेरॉन जिंकतात. एका ठरावीक वेगाखाली रडर जिंकते आणि चाक पूर्ण फिरवूनही विमान सरळ होत नाही. फ्लॅप थोडेच उतरलेले असताना १९० नॉट हा वेग नेमका या सीमेवरचा होता. ईस्टविंडच्या विमानाचा वेग त्याहून बराच अधिक होता. विमान कलंडू लागले की काठी मागे ओढून नाक वर ठेवावे असे प्रत्येकाला वाटते. परंतु त्याने वेग आणखी उतरतो आणि पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकदम घटते. योग्य कृती नाक खाली सोडून वेग वाढू देण्याची आहे, आणि सहा हजार फुटांवर जमीन समोर दिसत असताना ती करणे किती अवघड असेल याची कल्पना बाहेरच्याने न केलेलीच बरी. या प्रकरणानंतर झडपेची रचना बदलण्याचे आदेश निघाले, फ्लॅपच्या टप्प्यांवरचे किमान वेग वाढवले गेले, आणि विमान भलत्याच स्थितीत गेल्यावर ते कसे सावरावे याच्या प्रशिक्षणाला वेगळे स्थान मिळाले.

खारघरटेकडी

मी सध्या एका कंपनीत फर्स्ट ऑफिसर आहे. कंपनी कोणती हे महत्त्वाचे नाही. धागाकर्त्यांचा मुख्य मुद्दा मला मान्य आहे, पण ‘बिघाड झाला की वर जा’ हे सूत्र वाचकांनी सरसकट घेऊ नये अशी विनंती आहे. बिघाड फ्लॅपचा असेल तर वर जाणे योग्यच. तो एलिव्हेटरचा किंवा शेपटीवरच्या आडव्या स्टॅबिलायझरचा असेल, म्हणजे नाक वर-खाली करण्याची शक्तीच कमी झाली असेल, तर प्रश्न बदलतो.

आपल्याकडच्या बहुतेक विमानांची इंजिने पंखाखाली, म्हणजे वजनाच्या केंद्राच्या खाली असतात. त्यांना पूर्ण जोर दिला की विमानाचे नाक आपोआप वर जाते. एरवी आपण काठी पुढे ढकलून आणि ट्रिम करून, म्हणजे स्टॅबिलायझरचा कोन बदलून, ते आवरतो. स्टॅबिलायझर मंद वेगाच्या स्थितीत अडकून बसला असेल आणि एलिव्हेटरचीही ताकद मर्यादित असेल, तर गो-अराउंडसाठी, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यासाठी, दिलेला पूर्ण जोर नाक इतके वर नेऊ शकतो की ते खाली आणणे शक्य होणार नाही. म्हणून ७३७ च्या चेकलिस्टमध्ये स्टॅबिलायझर ट्रिम निकामी असताना फ्लॅप पूर्ण न उतरवता १५ वर ठेवून उतरायला सांगितले आहे. आमच्या चर्चेत आम्ही आणखी एक गोष्ट आधीच ठरवतो, ती अशी की वर जावेच लागले तर जोर हळूहळू आणि गरजेपुरताच द्यायचा. विमान स्थिर आहे, उतरण्याच्या स्थितीत आहे आणि धावपट्टी समोर आहे, अशा वेळी तीनशे फुटांवर एखादा दिवा लागला, तर सरळ उतरणे हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. हा निर्णय कॅप्टनचा असतो आणि तो त्याच्याकडेच राहायला हवा.

उंचीवर वेळ मिळालेला असताना करायची गोष्ट म्हणजे नियंत्रणक्षमतेची चाचणी. दहा-बारा हजार फुटांवर फ्लॅप आणि चाके ज्या स्थितीत उतरायचे त्या स्थितीत एकेक करून आणायची, दर टप्प्यावर थांबून विमान कसे वागते ते पाहायचे आणि मग वेग थोडा-थोडा कमी करत जायचे. ज्या वेगाला विमान जड किंवा हट्टी वाटू लागते तो लक्षात ठेवायचा आणि धावपट्टीवर टेकेपर्यंत त्याच्या खाली जायचे नाही. एखादा टप्पा घेताना वागणूक बिघडली तर लगेच मागच्या टप्प्यावर यायचे. आणि एकदा विमान हाती लागणारी स्थिती सापडली, की तिच्यात पुन्हा काही बदलायचे नाही.

हा शेवटचा नियम अलास्का एअरलाइन्सच्या ३१ जानेवारी २००० च्या अपघातानंतर फार ठळक झाला. त्या एमडी-८३ च्या स्टॅबिलायझरला हलवणारा मोठा स्क्रू वंगणाअभावी इतका झिजला होता, की त्याच्या नटाचे आटे गेले आणि स्टॅबिलायझर अडकला. वैमानिक बराच वेळ विमान ऑटोपायलटवर व हाताने उडवत राहिले आणि अडकलेली ट्रिम सोडवण्याचे प्रयत्नही करत राहिले. एकदा विमान हजारो फूट खाली आले, ते त्यांनी विलक्षण कौशल्याने सावरले. काही मिनिटांनी उरलेला आधारही तुटला आणि विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. ८८ जण गेले. अपघाताचे कारण देखभालीत होते, वैमानिकांत नव्हते, हे स्पष्ट लिहितो. तपास अहवालाने मात्र स्टॅबिलायझर अडकलेला असताना ऑटोपायलट वापरणे अयोग्य ठरवले. त्यामागचे तर्कशास्त्र सोपे आहे. ऑटोपायलट वाढत जाणारा भार मुकाट्याने पेलत राहतो, त्यामुळे वैमानिकाच्या हाताला काहीच कळत नाही. आणि तो एकदम सुटतो तेव्हा सगळा भार एका क्षणात हातात येतो.

पारसिकपायथा

खारघरटेकडी, हा प्रतिसाद धाग्याला हवाच होता. सिम्युलेटरमध्ये इंजिनाच्या जोराने नाक वर जाण्याचा भाग दाखवला जात असे, पण तो मी फ्लॅपच्या उदाहरणात ओढला नाही, कारण तेथे त्याचा प्रश्न येत नाही. माझे म्हणणे आता असे मांडतो, की वेळ विकत घ्यावा, मात्र त्याची किंमत आधी पाहून घ्यावी.

मासुंदा (नौपाडा, ठाणे)

१ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून उडालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात पडले, तोही नियंत्रणाचाच बिघाड होता ना? माझ्या वडिलांच्या पिढीत ठाण्यातसुद्धा त्याची फार चर्चा झाली होती.

येऊरचावारा

नाही. त्या विमानाची नियंत्रणे शाबूत होती. कॅप्टनसमोरचा, विमान किती कलले आहे हे दाखवणारा दर्शक बिघडला आणि अंधारात, बाहेर क्षितिज दिसत नसताना, त्याच्यावर विश्वास ठेवून विमान उलट दिशेला कलवत नेले गेले. २१३ जण गेले. दर्शकाचा बिघाड आणि नियंत्रणाचा बिघाड यांतला फरक वैमानिकाने पहिल्या काही सेकंदांत ओळखावा लागतो, कारण पहिल्यात दुसऱ्या वैमानिकाच्या आणि राखीव दर्शकाशी ताळा करून पाहायचा असतो आणि दुसऱ्यात विमानाच्या प्रत्यक्ष प्रतिसादावर भिस्त ठेवायची असते. ‘सम्राट अशोक’ म्हणूनच या धाग्याच्या कक्षेबाहेर राहते.

नेरूळचाआजोबा

देखभालीचा उल्लेख झालाच आहे, तर पोर्तुगालमधील एक घटना सांगतो, कारण तिच्यात माणसे वाचली आणि म्हणून सगळे नीट कळले. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी एअर अस्तानाचे एम्ब्राएर १९० विमान लिस्बनजवळच्या अल्वेर्का येथून मोठ्या देखभालीनंतर निघाले. आत सहा जण होते. एलेरॉनच्या केबल उलट्या बसवल्या गेल्या होत्या. चाक डावीकडे फिरवले की एलेरॉन उजवीकडे वळण्याचे काम करत, तर पंखावरचे स्पॉयलर बरोबर दिशेने वागत, त्यामुळे वैमानिकांना सुसंगत असा प्रतिसादच मिळत नव्हता. ढगात शिरल्यावर विमान वाट्टेल तसे कलंडू लागले. त्यांनी समुद्रावर उतरण्याचाही विचार केला. पुढे त्यांनी नियंत्रणे संगणकाच्या मध्यस्थीविना थेट पद्धतीवर आणली, तेव्हा विमान थोडे हाती लागले. पोर्तुगालच्या हवाई दलाच्या एफ-१६ विमानांनी त्यांना बेजाच्या लांब-रुंद धावपट्टीकडे नेले, आणि दोनदा प्रयत्न सोडून तिसऱ्या खेपेला ते उतरले.

या घटनेतला माझ्या व्यवसायाचा भाग असा, की देखभालीच्या वेळी यंत्रणेने दोषाचा संदेश दिलेला होता आणि त्याचे कारण शोधण्यात बरेच दिवस गेले. पण केबलची दिशा कोणी तपासली नाही. नियंत्रणाच्या यंत्रणेला हात लागला की दुसऱ्या, त्या कामात नसलेल्या माणसाने स्वतंत्र तपासणी करायची असते. ती तपासणी ‘हलते का’ एवढ्यावर थांबली, तर तिचा काही उपयोग नाही. चाक डावीकडे फिरवल्यावर डावा एलेरॉन वर जातो की नाही, हे एकाने पंखाजवळ उभे राहून मोठ्याने सांगायचे, अशी आमच्याकडे पद्धत होती, आणि नवीन मुले तिला हसत. उड्डाणापूर्वी वैमानिकही नियंत्रणे फिरवून पाहतात, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या चित्रात दिशा पाहायची असते. खारघरटेकडींना हे सांगायला नको.

सानपाडाप्रवासी

आजोबा, तुमच्या प्रतिसादावरून मोठा प्रश्न पडला. सगळीच नियंत्रणे गेली तर? म्हणजे चाक, पेडल, काहीच चालत नसेल तर?

खारघरटेकडी

तेव्हा फक्त इंजिने उरतात. दोन्ही बाजूंच्या इंजिनांना कमी-जास्त जोर देऊन विमान वळवता येते आणि एकूण जोर बदलून वर-खाली नेता येते, पण प्रतिसाद उशिरा येतो आणि विमान लांबलचक लाटांसारखे वर-खाली होत राहते. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या डीसी-१० चे शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. कॅप्टन अल हेन्स यांच्या जोडीला, प्रवासी म्हणून बसलेले त्याच विमानाचे प्रशिक्षक डेनिस फिच कॉकपिटमध्ये आले आणि त्यांनी केवळ थ्रॉटल, म्हणजे इंजिनांच्या जोराचे दांडे, सांभाळले. ४४ मिनिटांनी ते सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत पोहोचले. फ्लॅप नसल्यामुळे वेग फार होता, विमान टेकताना मोडले. २९६ पैकी १८४ जण वाचले. २००३ मध्ये बगदादवर क्षेपणास्त्र लागलेले मालवाहू ए३०० तिघांनी याच पद्धतीने उतरवले आणि तिघेही वाचले. त्याआधी, १९९५ मध्ये, नासाने केवळ इंजिनांच्या जोरावर संगणकाकरवी एमडी-११ उतरवून दाखवले होते. पण हे तंत्र प्रवासी विमानांत आजवर आले नाही.

१९७७ मधील डेल्टाचे उदाहरण मला या सर्वांपेक्षा अधिक शिकवणारे वाटते. सॅन दिएगोहून उडालेल्या त्या एल-१०११ चा डावा एलिव्हेटर पूर्ण वरच्या स्थितीत अडकला होता आणि विमान नाक वर करून स्टॉलकडे चालले होते. कॅप्टन जॅक मॅकमहॅन यांच्या लक्षात आले, की शेपटीतले इंजिन उंच जागी आहे, त्यामुळे त्याचा जोर नाक खाली ढकलतो, तर पंखांवरच्या इंजिनांचा जोर ते वर नेतो. त्यांनी पंखांवरच्या इंजिनांचा जोर कमी-जास्त करून नाक आवरले, प्रवाशांना पुढच्या भागात बसवले आणि लॉस एंजेलिसला सर्व ५२ जणांना सुखरूप उतरवले. कोणत्याही चेकलिस्टमध्ये हे लिहिलेले नव्हते. आज अशा विचारपद्धतीला प्रशिक्षणात जागा आहे. कॅप्टनने सगळे स्वतः न करता कॉकपिटमधल्या प्रत्येकाकडून माहिती काढून घ्यावी, हेही आम्हाला सू सिटीच्या ध्वनिमुद्रणावरून शिकवतात.

मासुंदा

माहितीबद्दल आभार. शेवटची एक विचारणा आहे. आता नवी मुंबईचे विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाले आहे. मुंबईकडे येणाऱ्या विमानाचे फ्लॅप अडकले तर ते तिकडे वळवणे सोयीचे होईल काय?

पारसिकपायथा

हे लिहायचे मनात होतेच. मुंबईची मुख्य धावपट्टी साधारण साडेतीन किलोमीटरची आहे आणि दुसरी तिला छेदून जाते. वेगाने उतरलेले विमान ब्रेक तापून किंवा टायर फुटून छेदाजवळ थांबले, तर दोन्ही धावपट्ट्या अडून बसतात. १ जुलै २०१९ रोजी पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या टोकाबाहेर गेले, तेव्हा ते काढेपर्यंत ती काही दिवस बंद होती आणि वाहतूक दुसऱ्या, आखूड धावपट्टीवरून कशीबशी चालली. नवी मुंबईची धावपट्टी ३७०० मीटरची आहे आणि मुंबईपासून हवाई अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे फ्लॅप बाहेर अडकून भरभर इंधन जाळणाऱ्या विमानालाही ते परवडण्यासारखे आहे.

केवळ लांबीवर मात्र निर्णय होत नाही. त्या क्षणी वारा कोणत्या बाजूने आहे, धावपट्टी ओली आहे का, तेथे उतरण्याच्या पद्धती वैमानिकाच्या परिचयाच्या आहेत का, आणि पुन्हा वर जावे लागले तर समोर काय आहे, हे सगळे पाहावे लागते. उलवे टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून ती जागा सपाट केली असली, तरी पूर्वेला माथेरानचे आणि दक्षिणेला कर्नाळ्याचे डोंगर आहेतच. चढण्याची क्षमता कमी झालेल्या विमानासाठी मी समुद्राकडे जाणारी वाट पसंत केली असती. खारघरटेकडींचे मत वेगळे असू शकेल.

खारघरटेकडी

मत फारसे वेगळे नाही. आमच्या कामात क्रम असा असतो : आधी चेकलिस्ट, मग तिच्यात दिलेल्या वाढीव वेगावरून आणि ओल्या-कोरड्या धावपट्टीच्या तक्त्यांवरून लागणारे अंतर, आणि त्यानंतर विमानतळ. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर अंतर पुरते आहे आणि वारा समोरून आहे असे दिसले, तर रोजच्या ओळखीची जागा सोडून मी जाणार नाही. पावसाळ्यात, मागून वारा असताना आणि फ्लॅप पूर्ण वर अडकलेले असताना, जास्तीचे दोनशे-अडीचशे मीटर मी नक्की मागेन.

कंट्रोलला आम्ही आधीच ‘फुल इमर्जन्सी’ लावायला सांगतो, म्हणजे अग्निशमन दलाच्या गाड्या धावपट्टीलगत उभ्या राहतात. फ्लॅप नेहमीच्या स्थितीत नसल्यामुळे जमिनीजवळ येताच धोक्याची सूचना देणारे यंत्र ओरडू लागते; त्याचा तेवढा भाग चेकलिस्टनुसार आधीच बंद करतो, नाहीतर शेवटच्या पाचशे फुटांत एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. फ्लॅपशिवाय विमानाचे नाक अधिक वर असते, म्हणून शेपटी घासू नये यासाठी टेकण्यापूर्वी ते आणखी वर खेचायचे नाही आणि हळुवार टेकण्याच्या नादात धावपट्टी वाया घालवायची नाही. चाके ठरलेल्या जागी जरा जोरातच टेकवायची, रिव्हर्स, म्हणजे इंजिनांचा उलटा जोर, पूर्ण द्यायचा आणि विमान थांबले की ब्रेकचे तापमान पाहत तेथेच उभे राहायचे. चाकांत वितळणारे प्लग बसवलेले असतात. ब्रेक फार तापले तर ते टायरमधली हवा सोडून देतात, त्यामुळे टायर फुटत नाही. खिडकीतून प्रवाशांना बसके टायर आणि भोवती लाल गाड्या दिसतात, आणि तेथे अर्धा-पाऊण तास थांबावे लागल्याच्या तक्रारीही येतात. केबिनमधून केलेल्या घोषणेत आम्ही कारण सांगतो. गोंगाटात ते सगळ्यांपर्यंत पोहोचते असे नाही.